मैदान सोडलं, की फळ सोडलं?

गीतेच्या अठराव्या अध्यायाच्या तोंडाशीच अर्जुन एक शंका काढतो : संन्यास कशाला म्हणायचं आणि त्याग कशाला, ते मला वेगवेगळं करून सांग. कर्मच टाकून देणं निराळं, आणि कर्म करत राहून त्याचं फळ टाकणं निराळं, हे माझे विद्यार्थी उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहायचे. उदाहरण विचारलं की मात्र जनक राजाच्या पुढं कुणाची गाडी जात नसे. जनकाचा कारभार कुणी पाहिलाय? मला धड उदाहरण सापडलं ते निवृत्तीनंतर, लेकीकडं शिकागोला राहायला गेल्यावर. आणि तेही एका विद्यापीठाच्या खेळाच्या इतिहासात. शिकागो विद्यापीठानं फुटबॉलच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी करून दाखवल्यात. १९३९ साली खेळच टाकला. १९६९ साली खेळ परत घेतला आणि फळ टाकलं. माझं मत आधीच सांगतो : दुसरी गोष्ट अवघड होती आणि जास्त खरी होती. पहिलीचं कौतुक मात्र जास्त होतं. संन्याशाला आपण लगेच नमस्कार करतो, ही आपली जुनीच खोड.

गोष्टीची सुरुवात धर्मापासूनच आहे. विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे हिब्रूचे पंडित, बाप्टिस्ट पंथाचे. पैसा रॉकफेलरचा. येल विद्यापीठात हार्पर बायबल शिकवत तेव्हा त्यांच्या वर्गात अमोस अलोन्झो स्टॅग नावाचा एक मुलगा होता. बेसबॉलचा नामांकित पिचर, आणि धर्मोपदेशक व्हायला निघालेला. पण उभं राहून प्रवचन करायचं म्हटलं की त्याची जीभ वळेना. आपला हा पिंड नाही, हे त्यानं ओळखलं आणि तो स्प्रिंगफिल्डला वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत गेला. व्यासपीठावरून जे सांगता येत नाही ते मैदानावरून सांगू, असा त्याचा हिशेब. १८९२ साली विद्यापीठ उघडलं तेव्हा हार्परनी त्याला बोलावून घेतलं. नुसता मास्तर म्हणून नव्हे, तर सहयोगी प्राध्यापकाचा दर्जा, वर्षाला २५०० डॉलर पगार आणि कायमची नेमणूक देऊन. खेळ शिकवणाऱ्या माणसाला ग्रीक शिकवणाऱ्याच्या पंक्तीला बसवणं हे त्या काळात नवलच होतं. आपल्याकडं ते अजूनही नवलच आहे.

स्प्रिंगफिल्डच्या त्या शाळेबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण तिचा धागा आपल्या शाळांपर्यंत येतो. शरीर हे देवाचं मंदिर आहे, तेव्हा ते धडधाकट ठेवणं ही उपासनाच, या विचाराची ती शाळा. आत्मा, बुद्धी आणि शरीर हा ल्यूथर गुलिकचा त्रिकोण तिथलाच. स्टॅगच्या फुटबॉल संघातून खेळणारा जेम्स नेस्मिथ हाही धर्मशास्त्राचा पदवीधर. त्यानं १८९१ च्या डिसेंबरात पीचच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकून बास्केटबॉल काढला. व्हॉलीबॉलही वायएमसीएच्याच एका माणसाचा. पुढं स्प्रिंगफिल्डचाच हॅरी क्रो बक मद्रासला आला आणि त्यानं १९२० साली तिथं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं. आमच्या हायस्कूलचे पी.टी.चे सर तिथून शिकून आलेले होते. पांढरी पँट, गळ्यात शिट्टी. मारुतीच्या तालमीतून अंगाला माती लावून आलेल्या पोरांना ते रांगेत उभं करून व्हॉलीबॉल शिकवत. समर्थांची बलोपासना आणि बोस्टनकडचा ख्रिस्ती देह-विचार एकाच मैदानावर घाम गाळत होते, आणि त्याची खबर आम्हाला नव्हती, सरांनाही बहुधा नसावी.

स्टॅगचं मैदान जेमतेम उभं राहत होतं तेव्हा, १८९३ साली, त्याच शहरात सर्वधर्म परिषद भरली. मुंबईहून ब्राह्मो समाजातर्फे बी. बी. नगरकर गेले होते. पण लक्षात राहिले विवेकानंद. परत आल्यावर मद्रासच्या एका भाषणात त्यांनी तरुणांना सांगितलं की गीतेच्या अभ्यासापेक्षा फुटबॉलनं तुम्ही स्वर्गाच्या जास्त जवळ जाल. आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक क्रीडा महोत्सवाच्या उद्‌घाटनात हे वाक्य वापरून वापरून गुळगुळीत झालंय. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की दंडात बळ आलं की गीता जास्त चांगली कळेल. फुटबॉल हे गीतेकडं जाण्याचं दार होतं, तिचा बदली खेळाडू नव्हे. आणि दार म्हटलं की तिथं तिकीट लावणारा माणूस लवकरच येतो.

शिकागोत तो लवकर आला. मैदानाची जमीन मार्शल फील्ड या मोठ्या दुकानदाराची. १८९५ सालची एक गोष्ट सांगतात. विस्कॉन्सिनविरुद्ध मध्यंतरापर्यंत शिकागो मागं होतं. हार्पर स्वतः खेळाडूंच्या खोलीत गेले आणि म्हणाले, रॉकफेलरसाहेबांनी आजच विद्यापीठाला मोठी देणगी जाहीर केलीय. हे विद्यापीठ मोठं होणार असं त्यांना वाटतं. तुमचा पहिला अर्धा खेळ बघून मला मात्र शंका येते. मुलांनी सामना जिंकला. हिब्रूचा पंडित, बायबलचा शिक्षक, आणि मध्यंतरात पोरांच्या पाठीवर देणगीचं ओझं ठेवतो! फळाची वासना अशी सभ्य कपड्यांत येते. १८९६ साली मध्यपश्चिमेतल्या विद्यापीठांचा संघ बांधला गेला, ज्याला आज ‘बिग टेन’ म्हणतात, त्याच्या संस्थापकांत शिकागो होतं. त्याच वर्षाच्या जानेवारीत शिकागोनं आयोवाला जाऊन पाच-पाच खेळाडूंचा आंतरविद्यापीठ बास्केटबॉल सामना खेळला आणि १५–१२ असा जिंकला. फुटबॉलच्या फाटकाचा पैसा स्टॅगच्या विभागाकडं येई आणि त्याचा खर्चही तो आपल्या मुखत्यारीनं करी. माणूस स्वतः निर्व्यसनी, शिवी तोंडात नाही. फार चिडला तर खेळाडूला ‘गाढवा’ म्हणे. पण दारू न पिणारा माणूसही गर्दी पितो.

३० नोव्हेंबर १९०५. मिशिगनचा संघ ५६ सामने अपराजित होता. शिकागोच्या एकर्सॉलनं लांब लाथाडलेला चेंडू मिशिगनच्या डेनिसन क्लार्कनं स्वतःच्या गोलरेषेमागं झेलला. तिथंच गुडघा टेकला असता तर काही बिघडलं नसतं. तो बाहेर पळाला, आणि शिकागोच्या मुलांनी त्याला उचलून मागं रेषेपलीकडं आपटलं. दोन गुण. निकाल २–०. शहर रस्त्यावर आलं. क्लार्कला त्या एका धावेनं आयुष्यभर सोडलं नाही. १९३२ साली त्यानं आत्महत्या केली, आणि बातम्यांनी तिचा संबंध त्या दोन गुणांशी लावला. आणि जिंकणारा एकर्सॉल? मैदानावरचा देव. प्रवेशाला लागणारे विषय पुरे नसताना त्याला घेतलेलं, वर्गात पाय ठेवणं नावापुरतं. त्याचं खेळण्याचं वय संपलं तसं विद्यापीठाचं त्याच्यावरचं प्रेमही संपलं. पदवी मिळाली नाहीच. याच विद्यापीठात त्या काळी थोरस्टीन व्हेब्लेन अर्थशास्त्र शिकवत होता. त्यानं १८९९ सालच्या आपल्या पुस्तकात कॉलेजी फुटबॉलची यथेच्छ टर उडवलीय. मैदानावरचा आरडाओरडा त्याला घरबसल्या ऐकू जात असणार.

एकर्सॉलबद्दल वाचताना मला आमच्या कॉलेजातला एक पोरगा आठवला. जिमखान्याचं काम माझ्याकडं होतं. संस्थेच्या मंडळींनी शेजारच्या तालुक्यातून एक चढाईपटू आणला. वर्गात तो कधी दिसला नाही. फी माफ, वसतिगृहात खोली, मेसचा डबा फुकट. विद्यापीठ स्पर्धेत त्यानं करंडक आणून दिला, फोटो कार्यालयात लागला. पुढच्या मोसमात पकडीत त्याचा खांदा निखळला. पुन्हा निखळला. तेव्हा कार्यालयानं त्याच्या हातात थकीत फीची यादी ठेवली. मी भांडलो, अर्ज लिहिले, काही झालं नाही. पोरगा गावी गेला. फोटो भिंतीवर होता तसाच होता. अठराव्या अध्यायातल्या फळाचा प्रश्न माझ्या लेखी तेव्हापासून परमार्थाचा राहिलेला नाही.

आता १९३२. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणं सत्तरीला निवृत्ती. स्टॅग सत्तरीचा झाला, आणि अध्यक्ष होते रॉबर्ट मेनार्ड हचिन्स, तिशीत गादीवर बसलेले, पाद्र्याचे चिरंजीव. त्यांनी नियम लावला. म्हाताऱ्याला दुसरं पद देऊ केलं. त्याला मैदान हवं होतं. तो कॅलिफोर्नियात पॅसिफिक नावाच्या लहानशा कॉलेजात गेला आणि १९३८ साली आपलाच जुना संघ आपल्याच नावाच्या मैदानावर येऊन ३२–० असा हरवून गेला. पुढं वयाच्या ८१ व्या वर्षी देशातला वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक ठरला. १०२ वर्षं जगला.

योगायोग असा, की त्याच १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. अठराव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी फलत्याग ही एक कसोटी करून टाकली. प्रत्येक कर्माला ती लावा. काही कर्मं अशी असतात की फळाची आशा काढली की ती आपोआप गळून पडतात. आसक्तीशिवाय ती करताच येत नाहीत. ती गेलेलीच बरी. जी उरतात ती करा. टिळकांनी मंडालेत सगळा भर कर्मावर दिला होता (आणि डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष स्वतः अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालवलं होतं, हे विसरू नये). कुठलं कर्म ठेवायचं आणि कुठलं टाकायचं, याची चाळणी मात्र मला विनोबांकडं मिळाली. हचिन्सच्या पुढं हाच प्रश्न होता : फाटकाचा पैसा आणि वर्तमानपत्रातली कीर्ती काढून घेतली, तर फुटबॉल उरतो की गळून पडतो?

हचिन्सचं उत्तर सरळ होतं : गळून पडतो. १९३८ च्या डिसेंबरात त्यांनी ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मध्ये लेख लिहून सांगितलं की खेळाचा पैशाशी असलेला संबंध तोडल्याशिवाय विद्यापीठं सुटणार नाहीत. इतर विद्यापीठं खेळाडू मिळवण्यासाठी काय काय करत होती ते उघड होतं. शिकागोला तसं करायचं नव्हतं, आणि न करता जिंकता येत नव्हतं. १९३५ साली शिकागोच्याच जे बरवँगरला, आज ज्याला हाइसमन म्हणतात तो करंडक, पहिल्यांदाच दिला गेला होता. चार वर्षांत त्या संघाची काय दशा झाली पाहा. १९३९ च्या मोसमात हार्वर्डनं ६१–०, ओहायो स्टेटनं ६१–०, व्हर्जिनियानं ४७–०, इलिनॉयनं ४६–० आणि मिशिगननं ८५–० असं धुतलं. २१ डिसेंबरला विश्वस्तांनी फुटबॉल बंद केला. १९४६ साली बिग टेनलाही रामराम.

जाता जाता बरवँगरची गंमत. व्यावसायिक फुटबॉलच्या पहिल्याच निवडीत सर्वात आधी त्याचं नाव पुकारलं गेलं, पण तो एकही सामना न खेळता पुढं फोम रबरच्या धंद्यात पडला. याला लोक त्याग म्हणतात. त्याग कसला, मागितले तेवढे पैसे देईनात म्हणून राहिलं. तो करंडक मात्र त्याच्या मावशीच्या घरी बरेच दिवस दार अडवायला वापरला जात होता, ते मला जास्त आध्यात्मिक वाटतं.

तर १९३९ चा तो निर्णय. गीता त्यागाचेही तीन प्रकार करते. मोहानं टाकलं तर तामस. त्रास होतो, अंगाला कष्ट पडतात म्हणून टाकलं तर राजस. त्याला त्यागाचं पुण्य मिळत नाही. कर्तव्य म्हणून करत राहून आसक्ती आणि फळ टाकलं तर सात्त्विक. ८५–० नंतर दोनच महिन्यांत, हरण्याचा मोसम संपल्या संपल्या सोडलेला खेळ कुठल्या खान्यात बसवायचा? आंबट द्राक्षांचा वास येतोच. हचिन्सच्या बाजूनं एवढं म्हणता येईल की त्यांचा विचार पराभवाच्या आधीचा होता, आणि खेळाडू विकत घ्यायचा सोपा मार्ग समोर असताना त्यांनी तो नाकारला. ही लहान गोष्ट नाही. पण त्यांनी खेळाला आणि खेळाच्या बाजाराला एकच धरलं, आणि बाजार उठवायचा म्हणून गावच सोडलं.

रिकाम्या मैदानाचं पुढं काय झालं ते जगाला माहीत आहे. पश्चिमेकडच्या प्रेक्षागाराखाली रॅकेट्सचं एक कोर्ट होतं. तिथं ग्राफाइटच्या विटा रचून २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मीनं माणसाच्या हातची पहिली अणुसाखळी-प्रक्रिया चालवली. अणुबॉम्ब म्हटलं की ओपनहायमर आणि गीतेचा अकरावा अध्याय, ही जोडी आता घोकून पाठ झालीय. मला तिथं उभं राहून अठरावाच आठवला. ज्या संस्थेनं एका चेंडूचं फळ नको म्हणून मैदान बंद केलं, तिनं तीन वर्षांत त्याच मैदानाखाली कुठल्या कर्माला हात घातला! कर्म टाकता येत नाही, एक टाकलं की दुसरं त्या जागी येऊन बसतं, हे गीता कंठरवानं सांगते. आज तिथं हेन्री मूरचं ब्राँझचं शिल्प आहे, आणि बाकीच्या मैदानावर रीगनस्टाइन ग्रंथालय.

फुटबॉल परत यायला लागला तेव्हा त्याला विरोध केला तो विद्यार्थ्यांनी. १९६३ साली क्लबच्या पातळीवर सामना ठरला, तर पोरं मैदानाच्या मधोमध ठिय्या मारून बसली. वडिलांचा संन्यास मुलांना जास्त कडक पाळावासा वाटतो, त्यातला प्रकार. १९६९ साली विद्यापीठाचा अधिकृत संघ परत उभा राहिला. पुढं विद्यापीठानं तिसऱ्या विभागात, म्हणजे डिव्हिजन थ्रीमध्ये, आपली जागा घेतली. तिथं खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. मदत मिळते ती घरची परिस्थिती आणि अभ्यास बघून. १९८६ साली अशाच विचाराच्या विद्यापीठांनी मिळून एक संघटना बांधली.

इथं माझे एक जुने सहकारी मला अडवतात. म्हणतात, फळ टाकून खेळ होतोच कसा? गुणफलक तर लावलेला आहे! मी कबड्डी खेळलेला माणूस. मला हा आक्षेप वरवरचा वाटतो. जिंकायची इच्छा नसलेला चढाईपटू समोरच्या सातजणांचा अपमान करतो. जिंकणं हे खेळाच्या आतलं आहे. ते काढलं तर खेळच राहत नाही. फळ म्हणजे ते, जे मैदानाबाहेर उचलून नेता येतं : फाटकाचा पैसा, संस्थेची जाहिरात, अध्यक्षांची देणगी, कार्यालयातला फोटो. मॅकिन्टायर नावाच्या तत्त्वज्ञानं आतलं आणि बाहेरचं हा भेद नीट मांडलाय, पण आमच्या पी.टी.च्या सरांना तो मॅकिन्टायरच्या आधी ठाऊक होता. जिंकल्यावर नाचू देत, हरल्यावर रडू देत. शाळेच्या फाटकाबाहेर गेल्यावर मात्र दोन्ही बंद.

नवं स्टॅग फील्ड ५६ व्या रस्त्यावर आहे. एका शनिवारी जावई मला घेऊन गेले. थोडेसे प्रेक्षक, बरेचसे आईवडील. मुलं जीव तोडून खेळत होती. सामना संपल्यावर त्यांतला एक खांद्याला पिशवी लावून घाईनं निघाला. सोमवारी कसलासा पेपर होता. निर्मळ वगैरे म्हणणार नाही. प्रवेशाच्या वेळी प्रशिक्षकाच्या शब्दाला वजन असतं, आणि अशा विद्यापीठाचा प्रवेश हे काय कमी फळ आहे? पण २०२२ साली याच विद्यापीठाच्या मुलांनी सॉकरची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, तीही जुलिआन सिच या बाईंच्या हाताखाली. मुलांच्या संघाला ते विजेतेपद मिळवून देणारी ती पहिलीच स्त्री प्रशिक्षक. जिंकायला खेळ बाजारात न्यावा लागत नाही, एवढं तरी त्यातून ठरलं.

आणि जो संघ शिकागोनं उभारला आणि सोडला, त्या बिग टेनमध्ये आता १८ विद्यापीठं आहेत. दूरचित्रवाणीशी त्यांचा सात वर्षांचा करार सात अब्ज डॉलरच्या वरचा. २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत. मला त्याचं दुःख नाही. बाजार मांडायचाच असेल तर घाम गाळणाऱ्याला त्याचा वाटा मिळावा. फक्त त्याला विद्यार्थ्याचा खेळ म्हणू नये.

आपल्याकडच्या प्राचार्यांना आणि जिमखान्याच्या प्रमुखांना माझं एक मागणं आहे. क्रीडा कोट्यातून मुलगा घ्या, जरूर घ्या. पण प्रवेश देताना एक कागद त्याच्या हातात द्या : खेळ थांबला, हात मोडला, संघातून नाव गेलं, तरी पदवीच्या शेवटच्या परीक्षेपर्यंत त्याची फी, खोली आणि डबा चालू राहील. त्याच्यावर सहीशिक्का करायची तुमच्या संस्थेची तयारी नसेल, तर त्या मुलाला त्याच्या गावच्या संघातच खेळू द्या.